हेरिंग एक की अनेक? : उत्तर समुद्रातील मत्स्यसाठ्यांच्या ओळखीचा इतिहास

ध्रुवीय हिमाखालून दरवर्षी हेरिंग माशांचा एकच प्रचंड थवा निघतो आणि त्याच्या शाखा युरोपच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवर पोहोचतात, अशी समजूत अठराव्या शतकात रूढ होती. हॅम्बुर्गचे महापौर योहान अँडरसन यांच्या निधनानंतर १७४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे तिला विद्वन्मान्यता लाभली. ही समजूत मच्छीमारांच्या सोयीचीही होती. मूळ भांडार ध्रुवाजवळ असेल, तर एखाद्या किनाऱ्यावर कितीही जाळी टाकली तरी काय बिघडणार?

या कल्पनेला निर्णायक छेद दिला तो जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हाइन्के यांनी. हजारो माशांचे मणके आणि पोटाच्या कडेचे खवले मोजून, शरीराची मापे घेऊन त्यांनी १८९८ साली दाखविले, की हेरिंगचे अनेक स्थानिक वंश असून प्रत्येकाची विणीची जागा व ऋतू ठरलेला असतो. अनेक लक्षणे एकत्र घेतल्यास एकेका माशाचाही वंश सांगता येईल, असा त्यांना विश्वास होता. तो फाजील ठरला. फरक होता तो सरासरीत. सुटा मासा हाती घेतला की उत्तर संदिग्धच राही. शिवाय मणक्यांची संख्या केवळ आनुवंशिक नसते. अंड्यातील वाढीच्या काळात पाण्याचे तापमान बदलले तर तीही बदलते, हे डेन्मार्कच्या वेडेल टॉनिंग यांच्या ट्राउट माशांवरील प्रयोगांनी सिद्ध केले.

ही उणीव केवळ तात्त्विक नव्हती. उत्तर समुद्रातील बहुतेक हेरिंग उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत विततात. 'डाउन्स' नावाचा दक्षिणेचा साठा मात्र डिसेंबर-जानेवारीत इंग्लिश खाडीच्या पूर्व भागात, तळाच्या रेवेवर अंडी घालतो. उन्हाळ्यात चरताना हे सारे साठे मिसळतात. १९५० च्या दशकात डाउन्स साठा खालावला आणि ग्रेट यारमथ व लोस्टॉफ्ट या बंदरांचा पिढीजात शरद हंगाम ओसरू लागला. दोष विणीच्या जागी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलचा, की पूर्वेकडे होणाऱ्या कोवळ्या माशांच्या पकडीचा, यावर शास्त्रज्ञांत दीर्घ वाद झाला. मिश्र पकडीत डाउन्सचा वाटा किती, हेच नेमके सांगता येत नसल्याने वाद मिटणे कठीण होते. एकूण पकड मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यास दहा लाख टनांवर गेली. या फुगलेल्या आकड्याआड दक्षिणेची घसरण झाकली गेली, असे म्हणावे लागेल. अखेर १९७७ साली हेरिंगची मासेमारी बंद करावी लागली. ती दक्षिणेत १९८१ साली व इतरत्र १९८३ साली पुन्हा सुरू झाली.

पुढे कानातील खड्यांची सूक्ष्म रचना आणि एकविसाव्या शतकात जनुकीय खुणा उपयोगात आल्या. वसंतात आणि शरदात विणाऱ्या हेरिंगमधील भेद जनुकांत स्पष्ट दिसतो; शरद व हिवाळी साठे एकमेकांपासून वेगळे काढणे त्या मानाने अवघड. उत्तर समुद्रातील या साठ्यांचे मूल्यमापन त्यामुळे एकत्रच होत आले असून डाउन्सच्या रक्षणासाठी दक्षिण भाग व पूर्व इंग्लिश खाडी यांना पकडीची स्वतंत्र मर्यादा घालण्यात आली. उन्हाळ्यात उत्तरेकडे मिश्र थव्यातून पकडला जाणारा डाउन्स हेरिंग मात्र त्या मर्यादेत मोजला जात नाही.