मलिक अंबरची नहर

या डिसेंबरच्या सुट्टीत जैसलमेरला जायचे असे घरात ठरले होते. वाळवंट, किल्ला, उंट, सगळे मुलीने वहीत लिहून ठेवले होते. पण रेल्वेचे आरक्षण काही मिळाले नाही आणि बेत बारगळला. ती हिरमुसून म्हणाली, "अब्बू, म्हणजे वाळवंट नाहीच का?"

मी म्हणालो, "वाळवंट नाही, पण वाळवंटातल्या माणसांची विद्या आपल्याजवळच आहे. नाशिकपासून चार-पाच तासांवर." आणि आम्ही औरंगाबादला निघालो. शहराचे आजचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. इतिहासाबद्दल लिहिताना मी त्या त्या काळचे नाव वापरतो, एवढे आधीच सांगतो.

येवला ओलांडून गाडी वैजापूरकडे लागली की माती आणि हवा दोन्ही कोरडी होत जातात. मराठवाड्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. सह्याद्री अडवतो तो पाऊस त्र्यंबक-इगतपुरीत कोसळतो आणि इकडे त्यातले थोडेच पोहोचते. म्हणूनच दुष्काळी वर्षी गंगापूर-दारणा धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे म्हटले की नाशिकमध्ये आंदोलने होतात. "आमचे पाणी त्यांना का?" हा प्रश्न मी आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ऐकला आहे. कधीतरी मीही तोच सूर लावला आहे. जायकवाडीवर पिणारे ते शहर एके काळी स्वतःचे पाणी स्वतः मिळवत होते, हे मात्र तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात नव्हते.

वर्गात मलिक अंबरचा विषय निघाला की मुलांना 'गनिमी कावा' एवढेच आठवते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर हबशाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. येमेनमधील मोखा, मग बगदाद, अशा बाजारांतून त्याचा प्रवास झाला. शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेज खान याने त्याला विकत घेतले. हा चंगेज खानसुद्धा मूळचा हबशी गुलामच. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला, लहानशी फौज बांधली आणि १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर बुडती निजामशाही त्याने पंचवीस वर्षे सावरून धरली. त्याच्या फौजेत मराठे होते, हबशी होते, दख्खनी मुसलमान होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. जमीन मोजून, पिकाचा अंदाज घेऊन त्याने लावलेली साऱ्याची पद्धत 'मलिक अंबरी धारा' म्हणून मराठी मुलखात पुढे बराच काळ ओळखली गेली.

१६१० च्या सुमारास त्याने खडकी या गावी राजधानीचे शहर वसवायला घेतले. नावच खडकी! कातळाची जागा, जवळून वाहणारी खाम नदी लहानशी, आणि वस्ती मात्र राजधानीची. इतक्या माणसांना, घोड्यांना, बागांना पाणी कुठून आणायचे?

त्याचे उत्तर म्हणजे नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेकडे डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत पाणी मुरते. तिथे खोलवर भुयार काढायचे, त्यात झिरपणारे पाणी गोळा करायचे आणि अगदी बेताचा उतार देत ते शहरापर्यंत आणायचे. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे, म्हणजे हवा खेळते आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शकतो. शहरात आल्यावर खापरी नळांतून हे पाणी हौदांत आणि वाड्यांत पोहोचायचे. ना मोट, ना रहाट, फक्त उतार. पाणी जमिनीखालून जात असल्याने उन्हाने आटतही नाही.

ही मूळची इराणच्या कोरड्या मुलखातली रीत. तिला कनात म्हणतात. अरबस्तान, इराक, मध्य आशिया, जिथे जिथे रेती आणि तहान होती तिथे तिथे ती पोहोचली. बगदादच्या बाजारात विकल्या गेलेल्या मुलाने दख्खनच्या कातळात तसेच पाणी खेळवले, हे मला फार मोठे वाटते. आणि गंमत पाहा. त्याच दशकात तिकडे बऱ्हाणपुरात मोगलांचा सरदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात अशाच पद्धतीचा कुंडी भंडारा तयार होत होता. हाच खानखानान दख्खनमध्ये अंबरविरुद्ध लढत होता. रणांगणात दोघे वैरी, पण रयतेच्या पाण्यासाठी दोघांची वाट एकच.

अंबरनंतरही नव्या नहरी निघत राहिल्या. त्यातली एक पाहायची तर पाणचक्की. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात अठराव्या शतकात ही चक्की उभी राहिली. डोंगराकडून आलेले पाणी उंचावरून हौदात पडते आणि त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरून फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी दळण व्हायचे. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही गार. मुलगी बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली. मग विचारले, "अब्बू, यात मोटर नाही?"

ज्या शहरात एके काळी मोटरशिवाय पाणी वाहत होते, तिथे आज जायकवाडीचे पाणी सुमारे पन्नास किलोमीटरवरून पंपाने उचलून आणावे लागते, आणि तेही अनेक वस्त्यांना कित्येक दिवसांनी एकदा मिळते. एवढ्या मोठ्या शहराला जुन्या नहरी पुरणार नाहीत, हे उघड आहे. पण त्या होत्या तशा तरी राहिल्या का? वस्ती वाढली, पाया खणताना भुयारे फुटली, सांडपाणी शिरले, तोंडे बुजली. कुणा एकाचा दोष नाही. आपल्या अंगणाखालून काय जाते, हेच आपण विसरलो.

दुसऱ्या दिवशी खुलताबादला गेलो. हजरत जर जरी जर बख्श, हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यांत फातिहा पढलो. औरंगजेबाच्या कबरीपाशी गर्दी होती. कुणी भक्तीने, कुणी रागाने, कुणी नुसता मोबाइल घेऊन आलेला. तिथून थोड्याच अंतरावर मलिक अंबरचा मकबरा आहे. काळ्या दगडाचा, घुमटाचा, आटोपशीर. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले आणि तो इथे विसावला. आम्ही तिथे अर्धा तास होतो. तेवढ्या वेळात दुसरे कुणी आले नाही.

ज्या जहांगीर बादशाहने अंबरच्या कापलेल्या शिरावर बाण सोडतानाचे स्वतःचे चित्र काढून घेतले, त्याच्याच दरबारातल्या मोतमिद खानाने अंबरच्या मृत्यूनंतर त्याची थोरवी लिहून ठेवली. शत्रूने आठवण ठेवली. आपण?

हा प्रश्न मी आधी माझ्याच समाजाला विचारतो. इतिहास म्हटला की आपण बादशहांच्या बाजूने बोलायला उभे राहतो किंवा त्यांच्याबद्दल खुलासे देत बसतो. टीव्हीवर कुणी काही बोलले की आपला इतिहास जागा होतो. पण तहानलेल्या गावाला पाणी देणारा हा माणूस, ज्याच्यासोबत मराठे लढले, ज्याची सारापद्धत मराठी शेतकऱ्याने अनुभवली, तो आपल्या मुलांना माहीत नाही. पाणी पाजणे हे सदका-ए-जारिया आहे, असे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. त्याचे चारशे वर्षांचे उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. इतर वाचकांनाही सांगावेसे वाटते की हा वारसा एकट्या मुसलमानांचा नाही. त्या हौदांवर घागर घेऊन कोण कोण आले, याची जात-धर्माची नोंद पाण्याने ठेवलेली नाही.

खडकीचे फतेहनगर झाले, फतेहनगरचे औरंगाबाद, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर. नावाच्या वादात मला पडायचे नाही. नव्या नावाखाली का होईना, उरलेल्या नहरी मोजल्या जाव्यात, साफ व्हाव्यात, त्यावर बांधकाम होऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

परत आल्यावर आठवीच्या वर्गाला मी एक काम दिले. आपल्या घरच्या नळाचे पाणी कुठून निघते आणि कोणत्या वाटेने येते, ते घरच्या मोठ्यांना विचारून लिहून आणा. तेहतीस वह्या आल्या. गंगापूर धरणाचे नाव बहुतेकांनी लिहिले होते. पण गोदावरी पुढे कुठे जाते, तिच्यावर कोण जगते, हे फक्त दोघींनी लिहिले. पुढच्या आठवड्यात तोच धडा घेणार आहे आणि मलिक अंबरपासून सुरुवात करणार आहे.