थोरातांचा ‘लाल किल्ला’

बेळगावच्या कॅम्पात मराठा रेजिमेंटचे बिगूल ऐकत आम्ही वाढलो. त्यामुळे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात आम्हांला घरचेच वाटत. वास्तविक ते मराठा रेजिमेंटचे नव्हतेच; सँडहर्स्टहून आले आणि पंजाब रेजिमेंटमध्ये वाढले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईत त्यांच्या पलटणीने संगिनींनी टेकडी घेतली. १९५३ मध्ये कोरियात खवळलेल्या युद्धकैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः त्या तारांच्या कुंपणात शिरले आणि त्याला सोडवून आणले.

पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते एका कागदात. पूर्व विभागाचे सेनापती असताना, ऑक्टोबर १९५९ मध्ये, त्यांनी चिनी आक्रमणाचा अंदाज लेखी मांडला. सीमेवर केवळ पहाऱ्याच्या चौक्या ठेवाव्यात. खरी लढाई मागे, आपली रसद पोचेल तिथे द्यावी, असा त्यांचा आग्रह. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात त्यांनी हेच नकाशावर मांडून दाखवले. सेनाप्रमुख थिमय्यांना पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो नसता बाऊ वाटला.

१९६१ च्या मे महिन्यात थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी चिनी फौजा उतरल्या. मग पंडितजींनी त्यांना दिल्लीला बोलावून विचारले, हा कागद मला का दाखवला नाही? थोरात म्हणाले, ते मेनन यांनाच विचारावे.