डोअरस्टॉप : रिक्वायरमेंट्स सांभाळण्याचे मोफत साधन



आपले बरेच सभासद सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यामुळे 'रिक्वायरमेंट बदलली' हे वाक्य घरोघरी परिचयाचे! इकडे ईस्ट कोस्टवर दुपारी ग्राहक फोनवर सांगतो, की अमुक मर्यादा पाचऐवजी दहा करा. तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटलेली असते. सकाळी तिथली टीम कामाला लागते ती जुन्याच एक्सेल शीटवरून, कारण नवी शीट कुणाच्या तरी ईमेलमध्ये पडून असते.

हा घोळ किती महाग पडतो त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर. २३ सप्टेंबर १९९९ रोजी हे यान मंगळाशी पोहोचले आणि गमावले गेले. लॉकहीड मार्टिनचे जमिनीवरचे सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदांत देत होते, आणि पुढचे गणित ते न्यूटन-सेकंद आहेत असे धरून चालले होते. गंमत अशी, की मेट्रिक एकके वापरायची हे स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलेच होते. लिहिलेली ओळ प्रत्यक्षात पाळली जाते का, हे कुणी शेवटपर्यंत तपासले नाही.

प्रत्येक रिक्वायरमेंटपासून ती तपासणाऱ्या टेस्टपर्यंतच्या ह्या धाग्याला ट्रेसेबिलिटी म्हणतात. वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६२३०४, मोटारींसाठी आयएसओ २६२६२, विमानांसाठी डीओ-१७८सी, ही सगळी मानके तिचा आग्रह धरतात. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी डोअर्स नावाचे साधन अनेक वर्षे वापरात आहे. टेलेलॉजिक ही कंपनी २००८ साली आयबीएमने घेतली, तेव्हा तेही आयबीएमकडे आले. पण घरी बसून शिकण्यासाठी त्याचे लायसन्स कोण घेणार? नोकरी बदलू पाहणाऱ्यांची इथेच अडचण होते.

त्यावर चांगला उपाय म्हणजे डोअरस्टॉप. नावातला चिमटा डोअर्सवाल्यांना लगेच कळेल! हे मोफत आणि ओपन सोर्स आहे (एलजीपीएल लायसन्स), पायथनमध्ये लिहिलेले आहे. जेस ब्राउनिंग आणि रॉबर्ट ॲडम्स ह्यांनी २०१४ साली त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध केला. कल्पना अगदी साधी आहे. प्रत्येक रिक्वायरमेंट ही एक छोटी मजकुराची फाइल, आणि ती तुमच्या कोडशेजारीच गिटमध्ये राहणार. वेगळा डेटाबेस नाही, सर्व्हरही लागत नाही. कुणी काय कधी बदलले ते गिट सांगतेच.

बसवणे

आधी पायथन ३ आणि गिट हवे. विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच पडद्यावर 'पाथ'मध्ये जोडण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करायला विसरू नका. नाहीतर पुढची प्रत्येक कमांड 'सापडत नाही' म्हणत राहील. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरे वापरा.

पिप इन्स्टॉल डोअरस्टॉप

बहुतेकांचे काम एवढ्यावर होते. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मात्र पिप नकार देते, कारण तिथला पायथन उबुंटू स्वतः सांभाळतो. अशा वेळी पिपएक्स बसवून घ्या आणि 'पिपएक्स इन्स्टॉल डोअरस्टॉप' असे म्हणा.

सुरुवात

सरावासाठी ऑफिसचे काम घेऊ नका. आपल्या गणेशोत्सवाची नोंदणी घ्या, नियम सगळ्यांना पाठ आहेत आणि भांडणेही! 'उत्सव' नावाचा फोल्डर करा, त्यात जा आणि द्या :

गिट इनिट
डोअरस्टॉप क्रिएट आरईक्यू ./रेक्स
डोअरस्टॉप ॲड आरईक्यू

पहिली ओळ गाळू नका. फोल्डर गिटमध्ये नसेल तर डोअरस्टॉप कामच करत नाही, आणि नवखे लोक इथेच हमखास अडकतात. दुसऱ्या ओळीने 'आरईक्यू' नावाचे डॉक्युमेंट तयार होते (हे नाव आणि पुढचे 'टीएसटी' मात्र मोठ्या अक्षरांत द्या). तिसरीने त्यात आरईक्यू००१ ही पहिली नोंद पडते. ती वायएमएल फाइल नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडा. आत लेव्हल, लिंक्स, रिव्ह्यूड वगैरे रकाने दिसतील, ते तूर्त तसेच राहू द्या. 'टेक्स्ट'समोर आपली रिक्वायरमेंट लिहा.

इथे थोडे थांबायला हवे. 'पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही' असे लिहिले की दारावर वाद ठरलेला. पाचवा वाढदिवस कालच झालेल्या मुलाचे काय? वय कुठल्या दिवशी मोजायचे, नोंदणीच्या की कार्यक्रमाच्या? त्याऐवजी 'कार्यक्रमाच्या दिवशी ज्याची ५ वर्षे पूर्ण झालेली नाहीत, त्याचे शुल्क शून्य दाखवावे' असे लिहा. एका नोंदीत एकच गोष्ट असावी, आणि ती खरी की खोटी हे तपासता यावे. हे काम कुठलेही साधन तुमच्यासाठी करणार नाही.

आता टेस्टचे डॉक्युमेंट करून दोन्ही जोडू :

डोअरस्टॉप क्रिएट टीएसटी ./टेस्ट्स --पेरेंट आरईक्यू
डोअरस्टॉप ॲड टीएसटी
डोअरस्टॉप लिंक टीएसटी००१ आरईक्यू००१

टीएसटी००१ मध्ये लिहा : 'चार वर्षांच्या मुलाची नोंदणी करा, शुल्क शून्य दिसले पाहिजे.' मग नुसते 'डोअरस्टॉप' एवढेच टाइप करा. ते सगळी झाडाझडती घेते, आणि पहिल्या खेपेला प्रत्येक नोंदीच्या मजकुराचा एक ठसा काढून फाइलमध्ये ठेवते. आता हे सगळे गिटमध्ये कमिट करा.

ह्या साधनाचा खरा उपयोग पुढे आहे. समजा कार्यकारिणीने ठरवले, की पाचऐवजी दहा वर्षे. आरईक्यू००१ मधला आकडा बदला आणि पुन्हा 'डोअरस्टॉप' चालवा. आता दोन इशारे येतील. एक, आरईक्यू००१ मधला बदल कुणी तपासून मान्य केलेला नाही. दुसरा, टीएसटी००१ ची लिंक संशयास्पद आहे, कारण ती ज्या मजकुरावर बेतली होती तो आता राहिला नाही. चार वर्षांच्या मुलाची टेस्ट अजूनही पास होईलच, पण आठ वर्षांचे मूल कुणी तपासलेच नाही! एक्सेल शीट हे कधी सांगणार नाही.

टेस्ट सुधारून झाली, की :

डोअरस्टॉप रिव्ह्यू ऑल
डोअरस्टॉप क्लिअर टीएसटी००१

रिव्ह्यू म्हणजे मजकूर वाचून मान्य केला, आणि क्लिअर म्हणजे लिंक अजून बरोबर आहे ह्याची खात्री केली. इथे 'रिव्ह्यू ऑल' चालले, कारण नोंदी दोनच आहेत आणि दोन्ही आपणच आत्ता वाचल्या. दोनशे नोंदींच्या प्रकल्पात डेडलाइनच्या आदल्या रात्री 'क्लिअर ऑल' देणारे महाभाग असतात. त्यांना हे साधन काय, कुठलेच वाचवू शकत नाही.

मॅनेजरना दाखवण्यासाठी 'डोअरस्टॉप पब्लिश ऑल ./पब्लिक' दिले, की ब्राउझरमध्ये उघडणारी पाने तयार होतात. कुणाला एक्सेलच हवे असेल तर 'एक्सपोर्ट' आहे, आणि भरलेली शीट परत घेण्यासाठी 'इम्पोर्ट'ही आहे.

उणिवा आहेतच. दोघांनी आपापल्या ब्रँचमध्ये एकाच वेळी नोंद वाढवली तर दोघांनाही तोच क्रमांक मिळू शकतो, आणि मर्ज करताना निस्तरावे लागते. गिट न वापरणाऱ्या बिझनेस ॲनालिस्टला हे रुचणे कठीण. मोटार उद्योगात कंपन्या आपसात रिक्वायरमेंट्स पाठवताना रेकआयएफ हा फॉरमॅट वापरतात. तुमच्या कामात तो लागत असेल तर स्ट्रिक्टडॉक पाहा. तेही मोफत आहे, पायथनमध्येच आहे आणि पिपनेच बसते.