औंधची राज्यघटना आणि मताचा हक्क

सातारा जिल्ह्यातील औंध आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी एकेकाळी एकाच औंध संस्थानात होती. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपले अधिकार सोडून प्रजेला राज्यघटना दिली. त्याचे कौतुक आम्हीही करतो. पण मसुदा ठरताना गांधीजींनी मतदारासाठी साक्षरतेची अट सुचवली होती. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवले जाई, त्या आमच्या आजोबा-पणजोबांनी मत द्यायचे कसे? निरक्षर म्हणजे बुद्धिहीन नव्हे, असे बाबासाहेबांनी १९२९ मध्येच सायमन कमिशनसाठीच्या आपल्या अहवालात मांडले होते. पुढे संविधानाच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. मतदार भारताचा नागरिक हवा आणि वयाने २१ वर्षांचा (१९८९ पासून १८), कायद्याने अपात्र ठरलेला नसावा. आज मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्ये नागरिकत्वाची घोषणा करावी लागते. शिक्षणाचा रकाना त्यात नाही.