हॅरियर स्वस्त होतं की महाग?

आपल्या नांदेड-लातूरला समुद्र नाही, त्यामुळे आधी एक माप सांगतो. नांदेडच्या विमानतळाची धावपट्टी दोन किलोमीटरहून लांब आहे. ‘विराट’ हे अख्खं जहाज सव्वादोनशे मीटरचं! सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

१९७०च्या दशकात ‘विक्रांत’वरची सी हॉक विमानं म्हातारी झाली होती. नवी वेगवान विमानं त्या छोट्या डेकवर झेपणारी नव्हती. १९७९ मध्ये आपण सी हॅरियर मागवली. पहिली तीन डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात दाबोळीला उतरली. फॉकलंडचं युद्ध बघून आपण ती घेतली असं लोक सांगतात. ते खरं नाही. युद्ध १९८२चं, मागणी त्याच्या आधीची.

आता, हॅरियर सरळ वर उडतं हे खरं, पण तसं क्वचितच उडवायचे. अख्खं वजन इंजिनानेच उचलायचं म्हटलं की इंधन आणि शस्त्रं कमी न्यावी लागतात. म्हणून डेकच्या टोकाला चढ बांधला. थोडं धावून झेप घ्यायची, येताना मात्र सरळ खाली उतरायचं. आपल्याकडच्या उकाड्यात हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी. म्हणजे न वापरलेली शस्त्रं घेऊन उतरणंही अवघड.

फॉकलंडमध्ये या विमानांनी शत्रूची वीसेक विमानं पाडली, हवाई लढतीत स्वतःचं एकही गमावलं नाही. तरी सहा गेली: दोन जमिनीवरच्या माऱ्यात आणि चार अपघातांत. हे चार लक्षात ठेवा. आपण घेतलेल्या तीसेक विमानांपैकीही निम्मी अपघातांतच गेली, त्यात वैमानिकही गेले. हा खर्च खरेदीच्या कागदावर दिसत नाही.

मग नेहमीचं विमान स्वस्त का? मिग-२९के वेगाने दुप्पट, शस्त्रंही जास्त नेतं. पण त्याला उतरताना अडवायला तारा लागतात, आणि डेक मोठं लागतं. ‘विक्रमादित्य’चा करार सुमारे ९७ कोटी डॉलरचा होता, शेवटी तो दोन अब्जांच्या वर गेला. विमानाची किंमत जहाजासकट मोजायची असते, बरं का! त्या हिशेबात, माझ्या मते, १९७९चा निर्णय बरोबर होता. चूक झाली असेल तर ती पुढे. बदली विमान येईपर्यंत तीच विमानं २०१६ पर्यंत ओढली.