शाहू महाराजांचा हुकूम आणि गावचं दफ्तर

२६ जुलै १९०२ हा दिवस आपण आरक्षणाची सुरुवात म्हणून लक्षात ठेवतो. कोल्हापूर संस्थानात यापुढे भरायच्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांना द्याव्यात, असा राजर्षी शाहूंचा हुकूम त्या दिवशी निघाला. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागास, ही त्याची व्याख्या. त्यात मुसलमानही आले.

या हुकुमातली एक तरतूद मात्र दुर्लक्षित राहते. या वर्गांतले किती लोक नोकरीत आहेत, याचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी सरकारला द्यायचा होता. १८९४ मध्ये महाराज गादीवर आले तेव्हा ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. नुसत्या हुकुमाने ही घडी मोडणार नाही, हे महाराज ओळखून होते.

जागा राखल्या, तरी त्या भरायला शिकलेली मुलं हवीत. म्हणून जातवार बोर्डिंगं निघाली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगही सुरू झालं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं.

मग पाळी आली गावाची. गावचा हिशेब कुलकर्ण्याच्या घरात असे आणि ते काम बापाकडून मुलाकडे जाई. कारभार स्थानिकच होता, पण तो गावाचा नव्हता, एका घराचा होता. १९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. विरोध मोठा झाला, तरी ते मागे हटले नाहीत.

१९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. सरपंच आपण निवडतो. पण ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा आणि तलाठी महसूल खात्याचा. अनेकदा एकाच माणसाकडे दोन-तीन गावं असतात. त्याची बढती, बदली वरून ठरते, म्हणून त्याची नजरही वरच असते.

मग नेमणुकाच गावाकडे द्याव्यात का? तसं केलं तर गावातली दांडगी घराणी आपलीच माणसं बसवतील. कुलकर्णी वतनाचा धडा तोच आहे. नेमणूक वरून, गुणवत्तेने व्हावी. कामाचा हिशेब मात्र खाली, गावाला मिळावा. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याने कर्मचाऱ्यांच्या कामावर लक्ष ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तो वापरणारी गावं थोडी.

आपल्यासाठी ही कोरडी चर्चा नाही. गावात आपली घरं मोजकीच असतात. कब्रस्तानाची जागा, दर्ग्याची इनाम जमीन सातबाऱ्यावर कशी लागली आहे, हे याच दफ्तरात ठरतं. तेव्हा ग्रामसभेला जाऊन बसा आणि विचारा: मंजूर पदं किती, रिकामी किती, आपला कर्मचारी आठवड्यात किती दिवस गावात असतो? दर तीन महिन्यांचा तो तक्ता आज आपणच मागायचा आहे.