मर्सेन मूळ संख्या, बारावी (२^१२७ − १)

दोनाच्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यास मिळणारी ३९ अंकी मूळ संख्या : १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ साली दिलेल्या घातांकांच्या यादीत १२७ हा अंक होता. त्या यादीतील ६७ व २५७ पुढे चुकीचे ठरले. ६१, ८९ व १०७ तिच्यात नव्हते.

ही संख्या मूळ असल्याचे एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये दाखवले. विभाजक शोधत गेल्यास सुमारे १.३ × १०^१९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. ल्यूकांनी एकही विभाजक न तपासता निर्णय दिला, आणि या संख्येचे खरे महत्त्व त्यातच आहे. त्यांच्या कसोटीत ३ पासून सुरुवात करून प्रत्येक पदाचा वर्ग करतात, त्यातून २ वजा करतात आणि तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवतात. ७ या घातांकासाठी (२^७ − १ = १२७) पदे येतात ३, ७, ४७, ४८, १६, ०. सहावे पद शून्य आले, म्हणून १२७ मूळ. १२७ या घातांकासाठी १२६ वे पद शून्य यावे लागते. चाराने भागून ३ उरणाऱ्या मूळ घातांकांनाच ३ ही सुरुवात चालते, डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये ४ पासून सुरू होणारे, सर्व विषम मूळ घातांकांना लागू पडणारे रूप सिद्ध केले. हे वर्ग द्विमान पद्धतीने करण्यासाठी ल्यूकांनी १२७ × १२७ घरांचा पट सुचवला होता. त्यांनी स्वतः हिशेब कितपत पूर्ण केला, याविषयी मतभेद आहेत. ई. फोकाँबेर्ग यांनी १९१४ मध्ये पडताळणी केली.

१९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत हीच सर्वांत मोठी होती. त्या वर्षी फेरिए यांनी टेबलावरील गणनयंत्राच्या मदतीने ४४ अंकी मूळ संख्या काढली, तर केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर व व्हीलर यांना ७९ अंकी मिळाली. ही दुसरी संख्या १८० × (२^१२७ − १)^२ + १ अशी, म्हणजे ल्यूकांच्याच संख्येवर उभारलेली आहे.

१२७ = २^७ − १, ७ = २^३ − १, ३ = २^२ − १ अशी साखळी असल्याने २^१२७ − १ ला द्विमर्सेन संख्याही म्हणतात. साखळीतील पुढची संख्या मूळ आहे की नाही, हा यूजीन कातालाँ यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न अनिर्णित आहे. त्या संख्येला ५ × १०^३७ हून अधिक अंक आहेत.

उपयोग : या संख्येने भागताना २^१२७ ची बाकी १ येते, म्हणून मोठ्या गुणाकारातील वरचे अंश खालच्यांत मिळवले की भागाकार जवळजवळ टळतो. कोस्टेलो व लोंगा यांचा फोरक्यू हा गूढलेखनातील वक्र (२०१५) याच संख्येवर आधारलेला आहे.

संबंधित परिपूर्ण संख्या : २^१२६ × (२^१२७ − १), ७७ अंकी.